व्याज कोणाच्या घड्याळानं?

अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वरवट बकालच्या चहाच्या टपरीवर एकच विषय असतो: भेंडवळच्या घटानं काय सांगितलं? शेजारच्या जळगाव जामोद तालुक्यातल्या या गावी आदल्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळं, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. त्यांवर पाण्याची घागर, भोवती अठरा धान्यं. रात्रीतून कोणता दाणा जागचा हलला, कोणतं ढेकूळ किती भिजलं, यावरून वर्षाचं पीकपाणी सांगतात. माझा त्यावर विश्वास नाही. तरी सरकीची बॅग घेताना ‘कपाशी मोघम’ हे शब्द आठवतातच.

भाकीत ऐकणारा माणूस खेळाचे नियम मान्य करूनच बसलेला असतो. पाऊस किती, भाव किती, एवढंच तो विचारतो. भाव ठरवतो कोण, हे विचारायला घटात जागा नाही. टीव्हीवरच्या अर्थतज्ज्ञांचंही तेच. ढेकळांऐवजी आलेख, इतकाच फरक. विज्ञानकथा मात्र नियमालाच हात घालते.

अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले पॉल क्रुगमन या विषयाकडे वळले ते असिमॉव्हच्या ‘फाउंडेशन’ कादंबऱ्या वाचून. १९७८ साली त्यांनी गमतीनं ताऱ्यांमधल्या व्यापारावर एक निबंध लिहिला. प्रकाशाच्या जवळपास वेगानं माल निघाला, तर व्याज कोणाच्या घड्याळानं मोजायचं, यानातल्या की ग्रहावरच्या? हसून सोडून देण्यासारखा प्रश्न. पण कापूस घालून महिना झाला तरी माझा चुकारा आला नव्हता आणि पीककर्जाचं व्याज रोज चढत होतं, तेव्हा दोन घड्याळं म्हणजे काय ते मला नीट समजलं.

आपल्याकडे नियम बदललेच नाहीत असं नाही. ‘मागेल त्याला काम’ ही वि. स. पागे यांची कल्पना साठच्या दशकात अनेकांना कादंबरीतलीच वाटली असेल. २६ जानेवारी १९७९ पासून ती महाराष्ट्रात कायदा म्हणून लागू झाली. मराठी विज्ञानकथेत मात्र, नारळीकरांच्या ‘कृष्णविवर’पासून पाहिलं, तर यानं आली, संगणक आले, सातबारा मला क्वचितच दिसला.

म्हणून मीच एक गोष्ट लिहायला घेतली. साल २०७५. पूर्णाकाठच्या आमच्या खारपाणपट्ट्यात रुपया नाही, गोड्या पाण्याचं खातं आहे. पावसाळ्यात साठवलं तेवढं जमा, उन्हाळ्यात उपसलं तेवढं नावे. बांध घालणाऱ्या भूमिहीन बाईची शिल्लक वीस एकरवाल्यापेक्षा जास्त. इथवर लिहिताना मजा आली. मग मे महिन्यात एक गृहस्थ उगवला, पुढच्या पावसाच्या बोलीवर आगाऊ पाणी द्यायला. सावकार परत आला! त्याला हाकलायचं म्हणून पोळ्याला सगळी खाती कोरी करून टाकली, तर त्या बाईची म्हातारपणाची पुंजीही गेली. आठ दिवस तिथंच अडलो आहे.

टपरीवर गोष्ट सांगितली. एका म्हाताऱ्या कास्तकारानं बशीतला चहा संपवला अन् विचारलं, “अन् बावा, पाऊसच नाई पडला तं जमा काय करशीन?”