पंचाहत्तर टक्क्यांचा उंबरठा

बर्ट ब्लायलेव्हन हा पिचर शेवटचा सामना खेळला तो 1992मध्ये. निवृत्तीनंतरची सक्तीची पाच वर्षे उलटल्यावर, 1998मध्ये, बेसबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’च्या मतपत्रिकेवर त्याचे नाव पहिल्यांदा आले आणि त्याला 17.5 टक्के मते पडली. पुढच्या वर्षी ती 14.1 टक्क्यांवर घसरली. 2011मध्ये, चौदाव्या खेपेला, त्याच ब्लायलेव्हनला 79.7 टक्के मते मिळाली आणि तो निवडून आला. मधल्या काळात त्याने एकही चेंडू टाकला नव्हता. 287 विजय, 3701 स्ट्राइकआउट, 60 शटआउट; सगळे आकडे होते तिथेच होते. बदलली होती ती मतदारांची नजर.

हे मतदार म्हणजे क्रीडापत्रकार. 1908मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेच्या बेसबॉल पत्रकार संघटनेचे सलग दहा वर्षे सदस्य असलेल्यांना हा अधिकार मिळतो. एका मतपत्रिकेवर जास्तीत जास्त दहा नावे निवडता येतात. निवडून यायला 75 टक्के मते लागतात. पाच टक्क्यांच्या खाली गेलेला खेळाडू मतपत्रिकेवरून कायमचा बाद होतो. न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन या छोट्या गावात ‘हॉल ऑफ फेम’चे संग्रहालय उभारायचे ठरले, तेव्हा ही निवड पत्रकारांकडे सोपवण्यामागे सरळ विचार होता. टीव्ही नव्हता. संघाबरोबर रेल्वेने गावोगाव फिरून खेळाडूंना रोज पाहणारा वर्ग हाच होता. ज्याने पाहिले त्याने सांगावे, ही या कल्पनेची पहिली पायरी.

1936च्या पहिल्या मतदानात 226 मतपत्रिका आल्या. टाय कॉबला 222 मते मिळाली, बेब रूथला 215. म्हणजे अकरा पत्रकारांना रूथचे नाव लिहावेसे वाटले नाही. 511 सामने जिंकलेला साय यंग तर त्या वर्षी निवडूनच आला नाही. त्याला 1937ची वाट पाहावी लागली. पुढे एक अलिखित रीत रुजली. पहिल्याच वर्षी निवडून येण्याचा मान अगदी मोजक्यांना द्यायचा आणि एकमताने तर कोणालाच नाही. जो डिमॅजिओ 1951मध्ये निवृत्त झाला; पाच वर्षांची सक्ती त्याला लागू नव्हती, तरी त्याला 1955पर्यंत थांबावे लागले. विली मेज 1979मध्ये निवडून आला तेव्हा 432पैकी 23 मतपत्रिकांवर त्याचे नाव नव्हते. सर्वच्या सर्व मते पहिल्यांदा मिळाली ती 2019मध्ये, मारियानो रिव्हेराला.

डोळ्यांच्या साक्षीला जोड होती आकड्यांची. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या हेन्री चॅडविकने क्रिकेटचे वार्तांकन करता करता बेसबॉलला सामन्याचा तक्ता आणि फलंदाजीची सरासरी दिली. त्यातूनच पुढे ठरावीक टप्पे मानले जाऊ लागले: तीन हजार हिट, पाचशे होम रन, तीनशे विजय. हे टप्पे लक्षात ठेवायला सोपे होते, म्हणून ते टिकले. पण त्यांनी बरेच झाकूनही ठेवले. पिचरने स्ट्राइक झोनबाहेर टाकलेले चार चेंडू संयमाने सोडून पहिला बेस (‘वॉक’) मिळवणारा फलंदाज या हिशेबात कुठेच दिसत नसे. 1977पासून बिल जेम्सने आपल्या वार्षिक पुस्तकांतून नेमका हाच प्रश्न विचारला: सामना जिंकायला खरोखर काय उपयोगी पडते?

टोनी ग्विन आणि टिम रेन्स यांची तुलना या प्रश्नाचे महत्त्व दाखवते. ग्विनच्या नावावर 3141 हिट. 2007मध्ये त्याला 97.6 टक्के मते मिळाली. रेन्सचे हिट 2605. 2008मध्ये त्याला मिळाली जेमतेम 24.3 टक्के. पण हिट, वॉक आणि अंगावर चेंडू लागून मिळालेला बेस असे सगळे धरले, तर ग्विन 3955 वेळा बेसवर पोहोचला होता आणि रेन्स 3977 वेळा. शिवाय रेन्सने 808 बेस चोरले होते. हे पटायला मतदारांना दहा वर्षे लागली. संधींची संख्या तोवर घटवून दहावर आणली होती; त्यातल्या शेवटच्या संधीत, 2017मध्ये, रेन्स आत गेला. स्कॉट रोलेनची गोष्ट तशीच. त्याचा मोठा गुण क्षेत्ररक्षण, आणि ते जुन्या तक्त्यांत नीट मावत नव्हते. 2018मध्ये 10.2 टक्के, 2023मध्ये 76.3.

मात्र मतपत्रिकेपर्यंत ज्यांना पोहोचूच दिले गेले नाही, त्यांचे काय? 1947मध्ये जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरेपर्यंत मेजर लीगचे दार कृष्णवर्णीयांना बंद होते. टेड विल्यम्सने 1966मध्ये स्वतःच्या सन्मानसोहळ्यात सॅचेल पेज आणि जॉश गिब्सन या कृष्णवर्णीय खेळाडूंची नावे घेऊन ही उणीव सर्वांसमोर मांडली. 1971मध्ये पेजची निवड झाली, पण ती खास समितीमार्फत. शिवाय त्याला वेगळ्या दालनात ठेवण्याचा बेत होता, तो लोकांच्या संतापामुळे सोडावा लागला. ज्याने पाहिले त्याने सांगावे, या तत्त्वातली सर्वांत मोठी फट ही होती: बहुतेक मतदारांनी या खेळाडूंकडे पाहिलेच नव्हते.

सर्वांत अवघड वाद चारित्र्याचा. 1940च्या दशकापासून नियमांत खेळातल्या कामगिरीबरोबर सचोटी, खिलाडूवृत्ती आणि चारित्र्य यांचाही उल्लेख आहे. बॅरी बाँड्सचे 762 होम रन आणि रॉजर क्लेमेन्सचे 354 विजय उत्तेजक द्रव्यांच्या आरोपांनी झाकोळले. 2013मध्ये दोघे प्रथमच मतपत्रिकेवर आले आणि त्या वर्षी पत्रकारांनी कोणालाच निवडले नाही. पुढे 2016च्या अखेरीस, ज्यांच्या कारकिर्दीत हे सारे घडले ते आयुक्त बड सीलिग समितीकडून निवडले गेले. व्यवस्था चालवणाऱ्याला मान आणि खेळाडूला शिक्षा, हे काही मतदारांना पटेना. बाँड्सची मते 44.3वरून 53.8 टक्क्यांवर गेली. 2022मध्ये, दहाव्या आणि शेवटच्या संधीत, ती 66 टक्क्यांवर थांबली. दोन्ही बाजूंकडे सांगण्यासारखे होते आणि अनेकांनी लेख लिहून ते सविस्तर सांगितले.

हे जाहीर सांगणे हीच या प्रक्रियेतली अलीकडची, आणि सर्वांत मोलाची, भर आहे. ब्लायलेव्हन, रेन्स, रोलेन यांना न्याय मिळाला तो आपले मत उघडपणे मांडणाऱ्या आणि पटल्यावर ते बदलणाऱ्या पत्रकारांमुळे. अशाच उघडपणासाठी 2016मध्ये संघटनेच्या सदस्यांनी प्रचंड बहुमताने ठराव केला की प्रत्येक मतपत्रिका जाहीर व्हावी. हॉल ऑफ फेमने तो नाकारला. आजही आपली मतपत्रिका उघड करायची की नाही, हे मतदाराच्या मर्जीवर आहे.

2025मध्ये इचिरो सुझुकीला 394पैकी 393 मते मिळाली. उरलेल्या एका मतदाराला आपल्या घरी येऊन सोबत एक पेला घेण्याचे आमंत्रण इचिरोने दिले. दहाच नावांची मर्यादा असल्याने ते मत जास्त गरज असलेल्या खेळाडूला दिले गेले असेल, किंवा कारण आणखी काही असेल. पण निकालाच्या वेळी तो मतदार पुढे आला नाही, आणि न सांगितलेल्या कारणाशी कोणाला वादही घालता येत नाही.