फळीवरचं गिऱ्हाईक

रविवारी सकाळी माझ्या दुकानात सगळं घरच येतं. आजोबा, बाबा आणि बाबांना घट्ट बिलगलेलं तीन वर्षांचं पोर. खुर्चीच्या दोन हातांवर आडवी फळी टाकून मी त्याला वर बसवतो, पण कात्री लगेच उचलत नाही.

केस कापताना दुखत नाही, हे आपल्याला ठाऊक. मुलाला मात्र कानाशी गुरगुरणारं मशीन, मानेवर टोचणारे केस आणि अनोळखी हात, एवढंच कळतं. म्हणून बंद मशीन आधी त्याच्या हातात देतो. आजोबांचे केस त्याच्यासमोर कापतो. दहा मिनिटं जास्त जातात. पण पुढच्या खेपेला तो आपणहून फळीवर चढतो.

“आम्ही धरतो, तुम्ही कापा,” असं कुणी म्हणालं, की मला १८९० साल आठवतं. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईतल्या नाभिकांनी विधवांचं केशवपन करायला नकार दिला होता. डोक्याला हात लावण्याआधी त्या माणसाचं मन जाणावं, हा धडा मी त्या नाभिकांकडून घेतला. लहान मूलही माणूसच आहे.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. चुकलेला कट भरून येतो. मनात बसलेली भीती सहजी जात नाही. म्हणून आज मुलांचं काहीही करताना आधी त्यांना सांगूया, दाखवूया, विचारूया. विश्वासानं मान पुढे करणारं मूल, हीच माझ्या कामाची खरी कमाई आहे.