सहा मिनिटांत किती चाललात?

रुग्णालयाच्या मोकळ्या व्हरांड्यात ३० मीटरचा सरळ पट्टा आखलेला असतो. दोन्ही टोकांना नारिंगी शंकू, दमल्यावर टेकायला एक खुर्ची. सूचना साधी : सहा मिनिटांत जमेल तेवढं चाला, धावू नका, दम लागला तर थांबा, बरं वाटलं की पुन्हा निघा. मधे थांबलात तरी घड्याळ चालूच राहतं. शेवटी किती मीटर झाले, ते लिहून घेतात. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने या चाचणीची नियमावली २००२ मध्ये प्रसिद्ध केली. हृदय आणि फुप्फुसांच्या रुग्णांसाठी रुळलेली ही चाचणी तीव्र लठ्ठपणा असलेल्या माणसाबद्दलही पुष्कळ काही सांगून जाते.

एरवी अशा माणसाची सगळी चौकशी किलोंपाशी येऊन थांबते. घरचे, शेजारी, डॉक्टर, सगळे एकच विचारतात : किती उतरलं?

बीएमआय, म्हणजे किलोंतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, ४० च्या वर गेला की त्याला तीव्र लठ्ठपणा म्हणतात. १६० सेंटिमीटर उंचीच्या माणसासाठी हे वजन साधारण १०२ किलो होतं. या सूत्रामागचं गणित बेल्जियमच्या अडॉल्फ क्वेटले यांनी १८३० च्या दशकात मांडलं, ते समाजातल्या ‘सरासरी माणसा’चा अभ्यास करताना. समोर बसलेल्या एका माणसाला जिना चढवतो का, हे त्यातून कळणार नाही.

ते त्या माणसालाच विचारावं लागतं. अमेरिकेत रोनेट कोलोटकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपचारासाठी आलेल्या लोकांच्या रोजच्या अडचणींवरून एक प्रश्नावली बांधली. तिच्या २००१ च्या सुटसुटीत आवृत्तीत ३१ प्रश्न आहेत. बुटाची नाडी बांधता येते का? खाली पडलेली वस्तू उचलता येते का? सार्वजनिक ठिकाणच्या आसनात मावता का? खुर्ची आपलं वजन पेलेल ना, ही धास्ती वाटते का? लोक टोमणे मारतात का? आपल्याकडे अशी यादी केली तर मांडी घालून बसणं, पंगतीतून हात न टेकता उठणं आणि गर्दीच्या लोकलमधून वेळेत उतरणं हेही तीत घालावं लागेल. जगणं सुसह्य आहे की नाही, ते अशाच गोष्टींवर ठरतं.

अशा माणसाला ‘आळशी’ म्हणणं सोपं आहे, पण ते खोटं आहे. सडपातळ माणूस गप्पा मारत ज्या वेगाने चालतो, त्याच वेगाने चालताना शंभर-सव्वाशे किलोच्या शरीराला कितीतरी जास्त प्राणवायू लागतो. पोटावरची चरबी श्वासपटलाला वर रेटते, छातीवरची चरबी बरगड्या फुलू देत नाही. म्हणजे साध्या फेरीतच त्याच्या दमसासाचा मोठा वाटा खर्ची पडतो. त्यात गुडघे. वजन जास्त असलेल्या, गुडघ्याच्या संधिवाताच्या रुग्णांवर स्टीफन मेसियर यांनी केलेलं मोजमाप २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. एक किलो वजन घटलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी हलका होतो, असं त्यात दिसलं. दिवसाकाठी हजारो पावलं पडतात, हे लक्षात घेतलं तर पाच किलोंची घटही क्षुल्लक वाटणार नाही.

दमसास वाढवण्याचं मोलही मोठं आहे. डॅलसच्या कूपर इन्स्टिट्यूटमधल्या स्टीव्हन ब्लेअर आणि सहकाऱ्यांनी सुमारे २२ हजार पुरुषांना ट्रेडमिलवर चालवून वर्षानुवर्षं त्यांचा मागोवा घेतला. दमसास उत्तम असलेल्या लठ्ठ पुरुषांमध्ये मृत्यूचं प्रमाण दमसास कमी असलेल्या सडपातळ पुरुषांपेक्षा कमी निघालं (१९९९). यावरून लठ्ठपणा निरुपद्रवी ठरत नाही. मधुमेह, झोपेत श्वास अडकणं, सांधेदुखी हे धोके उरतातच. शिवाय तीव्र लठ्ठपणात मुळात तेवढा दमसास कमावणंच अवघड असतं.

‘लुक अहेड’ या अमेरिकी प्रयोगाची कथा म्हणून महत्त्वाची वाटते. टाइप २ मधुमेह आणि जास्त वजन असलेल्या ५,१४५ जणांपैकी निम्म्यांना आहार-व्यायामाचा कसून कार्यक्रम दिला गेला. हृदयविकार आणि पक्षाघात त्यामुळे घटले नाहीत, असा निकाल २०१३ मध्ये आला आणि अनेकांनी प्रयोग फसला म्हणून हात झटकले. पण त्याच लोकांच्या चालण्या-फिरण्याची नोंद वेगळंच सांगत होती. चार वर्षांत हालचाल मंदावण्याचा धोका कार्यक्रम घेणाऱ्यांमध्ये ४८ टक्क्यांनी कमी होता. वजनातली घट आणि वाढलेला दमसास या दोन्हींचा त्याला हातभार होता.

आता वैद्यकही इकडे वळतं आहे. जानेवारी २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ आयोगाने लठ्ठपणाचं निदान केवळ बीएमआयवर करू नये, असं सुचवलं. अवयवांचं काम बिघडलं आहे का आणि अंघोळ, कपडे घालणं यांसारखे रोजचे व्यवहार अडतात का, हे पाहायला सांगितलं. त्याच वर्षी वजन घटवणारी टिर्झेपटाइड, सेमाग्लुटाइडची नवी इंजेक्शनं भारतीय बाजारात आली. त्यांनी काटा झपाट्याने उतरतो, पण चरबीबरोबर थोडा स्नायूही जातो. खुर्चीतून दहा वेळा उठ-बस, भिंतीला हात लावून जोर, पाण्यात चालणं, पाच-पाच मिनिटांच्या फेऱ्या असा व्यायाम औषधाच्या चिठ्ठीतच लिहिला गेला पाहिजे, तो याचसाठी.

केसपेपरवर वजनाच्या रकान्याशेजारी आणखी तीन रकाने सहज मावतील : सहा मिनिटांत किती मीटर, जिन्याच्या किती पायऱ्या, जमिनीवरून उठताना कशाचा आधार. दर तीन महिन्यांनी ते भरावेत. काटा महिनाभर हलला नाही, तरी व्हरांड्यातले ४० मीटर वाढलेले असू शकतात, आणि ते रुग्णाला सांगणं हा उपचाराचाच भाग आहे.