मागल्या दारची पायरी

किहीम, वैशाख

चि. नातीस,

मागल्या दारची पायरी तोडून तिथे हापूस लावू या, असं तू लिहिलंस. हिशेब तुझा चुकलेला नाही. हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात आपला रायगडही आहे. त्या पेटीला नाव आहे, भाव आहे. पायरीची पेटी साहेबाला भेट म्हणून कोण पाठवतं?

पण आधी फळ हातात घेऊन बघ. हापूस गुळगुळीत, लांबट गोल. पायरीला टोकाकडे बाक आणि त्यावर ठसठशीत चोच. डोळे मिटूनही बोटांना कळते. पिकली की देठाजवळच्या खांद्यावर लाली चढते. गर रसाळ, गोडीला आंबटाची धार. म्हणून फोडी हापूसच्या कराव्या आणि रस पायरीचा काढावा. नुसत्या हापूसचा रस मला तरी दुसऱ्या वाटीला जड होतो. शिवाय हापूस बाहेरून देखणा असूनही कापल्यावर कधी कधी आत साका, म्हणजे बिघडलेला गर, निघतो; पायरीत ती भीती नाही.

खोट एकच, पण मोठी. आढीतून काढलेली पायरी थांबत नाही. साल नाजूक, दोन-चार दिवसांत मऊ पडते. मांडव्याहून लाँचने मुंबईला धाडायची तरी जीव खालीवर. बाजाराने हापूस उचलला त्यात चवीइतकाच टिकाऊपणाचा वाटा आहे, असं माझं मत. गंमत अशी, की जिचं फळ दादरपर्यंत धड पोचत नाही, तिचं झाड हवाई बेटांवर जाऊन रुजलं. तिथे तिला ‘पिरी’ म्हणतात.

बाठा पेरून पायरी मिळेल असं मात्र समजू नकोस. बाठ्यातून उगवेल तो रायवळ, आईसारखा असेलच असं नाही. कलमच करावं लागतं. पूर्वी भेटकलम करत, आता कोयकलम सोपं.

तेव्हा हापूस विहिरीकडच्या मोकळ्या जागेत लाव. पायरी म्हातारी झाली आहे, तिचीही दोन कलमं करू. त्यासाठी मी रायवळाचे बाठे रुजत घालतो. तू पाऊस लागल्यावर ये. तीन-चार महिन्यांची, डोळा फुगलेली काडी निवडून ठेवू. येताना कलमाची प्लास्टिकची पट्टी आण आणि चाकूला धार लावून आण, इथला बोथट झाला आहे.

तुझे आजोबा