‘मग टाकू कुठे?’

फेब्रुवारीच्या शेवटी पुण्यातल्या एखाद्या जुन्या, झाडांच्या सोसायटीत सकाळी सहाला जावं. दुधाच्या पिशव्या अजून दारांना लटकलेल्या असतात, कानटोपी घातलेले आजोबा फेऱ्या मारत असतात आणि खराट्याची खसखस सुरू झालेली असते. बदामाची तांबडी, वीतभर लांब पानं, पिंपळाची पिवळी, पर्जन्यवृक्षाच्या बारीक पर्णिका, आंब्याची चिवट पानं, सगळ्यांचा मिळून कंपाउंडच्या भिंतीला लागून एक ढीग होतो. थोड्या वेळानं तिथूनच धूर निघतो.

याच आठवड्यात अशा एका ढिगावरून खटका उडाला. आजोबा खोकत घरात गेले आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी खिडकीतून झाडणाऱ्या मावशींना चांगलंच सुनावलं. मुलाला दमा आहे, कळत नाही का, वगैरे. बाईंचं काहीच चुकलं नव्हतं. मावशींनी खराटा भिंतीला टेकवला, वर बघितलं आणि विचारलं, “मग टाकू कुठे?”

वरून उत्तर आलं नाही. खिडकी बंद झाली.

या प्रश्नाला उत्तर नसणं हीच खरी अडचण आहे. आठच्या आत आवार लख्ख हवं, असा सोसायटीचा हुकूम असतो. पानं मात्र वजनाला हलकी आणि आकाराला अवाढव्य. दोन पोती भरली तरी अर्धा ढीग उरतोच. कचऱ्याच्या गाडीवाला ती घ्यायला कुरकुर करतो. उरते काडेपेटी. मावशींना धुराची हौस नसते. धूर सगळ्यांत आधी त्यांच्याच डोळ्यांत जातो.

आणि हा धूर साधा नसतो. दवानं दमट झालेली पानं भडकून जळत नाहीत, तासन् तास धुमसत राहतात. अशा अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि फुप्फुसांत खोलवर जाणारे सूक्ष्म कण बाहेर पडतात. थंडीच्या सकाळी हवा जमिनीलगत साचून राहते, त्यामुळे धूर वर न जाता पहिल्या-दुसऱ्या मजल्यांवर रेंगाळतो. शिवाय ढिगात नुसती पानं असतात थोडीच! गुटख्याच्या पुड्या, दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे, कुरकुऱ्यांची पाकिटं, सगळं त्यात जातं आणि पानांबरोबर जळतं.

कायद्यानं या गोष्टीकडे दुर्लक्ष केलेलं नाही. केंद्र सरकारनं २०१६ साली केलेल्या घनकचरा नियमांत बागेचा कचरा आपल्याच आवारात वेगळा साठवण्याची जबाबदारी मालकावर टाकली होती. रस्ते झाडणाऱ्यांनी पानं जाळू नयेत, ती वेगळी ठेवून संकलन करणाऱ्यांकडे द्यावीत, असं त्यांना बजावण्याचं काम स्थानिक संस्थेला दिलं होतं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं उघड्यावर कचरा जाळण्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५,००० रुपये दंड सांगितला. पण सोसायटीच्या कोपऱ्यात सकाळी पावणेसातला दंडाची पावती फाडायला कोण येणार? आणि आलाच कुणी, तर ती कोणाच्या नावानं फाडणार, काडी ओढणाऱ्या मावशींच्या की ‘आठच्या आत’ म्हणणाऱ्या चेअरमनसाहेबांच्या?

कोकणात हा प्रश्न फारसा पडत नाही, कारण तिथं पानाला गिऱ्हाईक असतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात पातेरा, म्हणजे गळलेला पालापाचोळा, टोपल्या भरभरून गोळा होतो. तो गोठ्यात गुरांखाली पसरतात, शेणमुतानं भिजला की खताच्या खड्ड्यात जातो आणि पुढे आंब्याच्या नाहीतर माडाच्या आळ्यात. गोव्याच्या कुळागरांत सुपारीच्या बुंध्याशी पानांचा जाड थर असतो, त्यामुळे उन्हाळ्यात जमिनीतली ओल टिकते. कोकणातही भाताच्या राबासाठी पालापाचोळा भाजतात, हे खरं. पण त्या जाळण्यात रोपवाटिकेतलं तण मारण्याचा निदान हेतू असतो आणि त्यालाही आता शेतीतज्ज्ञ पर्याय सुचवतात. शहरातल्या जाळण्याला ढीग दिसेनासा करण्यापलीकडे हेतूच नाही.

गंमत पुढेच आहे. ज्या सोसायटीत पानं जाळतात, तिथंच दहा पावलांवर ओल्या कचऱ्याच्या टाक्या असतात आणि त्यांना वास येतो म्हणून तक्रारीही असतात. मग वास मारायला कोकोपीटची पोती विकत येतात. खरं तर भाजीचे देठ आणि फळांच्या साली यांत पाणी आणि नायट्रोजन जास्त, तर सुक्या पानांत कार्बन भरपूर. खत करणाऱ्या जिवाणूंना एक भाग नायट्रोजनमागे साधारण २५ ते ३० भाग कार्बन लागतो. ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर चुरडलेल्या पानांचा थर टाकला की पाणी शोषलं जातं, हवा खेळती राहते आणि वास बसतो. म्हणजे वासाचं औषध धुरात घालवायचं आणि मग कोकोपीटला पैसे मोजायचे! जूनमध्ये हीच मंडळी कुंड्यांसाठी नर्सरीतून खताच्या पिशव्या आणतात, ते वेगळंच.

पुण्यात २०१६ साली अदिती देवधर यांनी ‘ब्राऊन लीफ’ हा उपक्रम सुरू केला, तो नेमका याच जागी बोट ठेवून. कुणाकडे पानं नकोशी झालेली असतात, तर गच्चीवर भाजी लावणाऱ्या कुणाला ती पोत्यांनी हवी असतात. दोघांची गाठ घालून दिली की पोती आपोआप हलतात. गच्चीवरच्या शेतीला तर सुकं पान म्हणजे सोनं. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवार’ या चळवळीतून पालापाचोळ्यापासून माती तयार करण्याचा ध्यास अनेकांना लावला. मुंबईत पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवरही स्वयंपाकघरातला कचरा आणि सुकी पानं जिरवून प्रीती पाटील यांनी भाज्या आणि फळझाडं वाढवली.

इतकं नको असेल तर साधा जाळीचा गोल पुरतो. तीन-चार फूट व्यासाची तारेची जाळी उभी करायची, खाली मातीच हवी, फरशी नको. रोजची पानं त्यात टाकायची, पायानं दाबायची, आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी शिंपडायचं. हाताशी असेल तर शेणकाला किंवा आंबट ताक घालावं, नसेल तरी बिघडत नाही. ढीग इतका झपाट्यानं खाली बसतो की आज गळ्यापर्यंत भरलेली जाळी काही दिवसांतच पुन्हा जागा देते. पर्जन्यवृक्षाची बारीक पानं लवकर कुजतात. आंबा आणि बदाम वेळ खातात, म्हणून ती चुरडून इतर पानांत मिसळावीत. पावसाळा मिळाला की उरलेलं काम तोच करतो आणि थंडीच्या सुमारास तळाशी काळी, भुसभुशीत माती हाताला लागते.

सापाची भीती बैठकीत हमखास निघते. ती अगदीच पोकळ नाही, म्हणून जाळी जिन्यापासून आणि घराच्या भिंतीपासून लांब ठेवावी, ढीग हातानं न ढवळता फावड्यानं ढवळावा. उंदीर पानांसाठी येत नाहीत, उष्ट्या अन्नासाठी येतात, तेव्हा पोळी-भात जाळीत जाऊ देऊ नये. आणि ‘घाण दिसते’ हा आक्षेप? त्याला उत्तर नाही. ज्यांना झाडाखाली पडलेलं झाडाचंच पान घाण वाटतं, त्यांनी झाडाच्या सावलीत गाडी लावताना थोडा संकोच करावा, एवढंच म्हणता येईल.

पानांचं गांडूळखत केलं तर आणखी एक फायदा आहे: असा प्रकल्प चालवणाऱ्या मिळकतींना पुणे महापालिका मालमत्ता करात सवलत देते. पर्यावरणाच्या नावानं हात वर न करणारे सभासद या मुद्द्यावर कधी कधी हात वर करतात.

तेव्हा श्रोतेहो, सोसायटीच्या येत्या बैठकीत पार्किंगच्या भांडणाआधी एक ठराव मांडा: झाडांजवळची चार फूट जागा पानांसाठी. जाळीचा खर्च घरटी वाटला तर अगदी किरकोळ येईल. ठराव झाला की झाडणाऱ्या मावशींना ती जागा स्वतः खाली उतरून दाखवा, आणि पानांपुरती ती ‘आठच्या आत’ची अट काढून टाका.