धूम्रपान करणाऱ्याची बाजू

माणसाच्या खासगी सवयीत शासनाने किती हात घालावा, हा प्रश्न तत्त्वज्ञांच्या ग्रंथांत जितका जुना, तितकाच आमच्या हिंगोलीच्या एस.टी. स्थानकावर ताजा आहे. वर्षानुवर्षे विडी ओढणारा मी त्याकडे तटस्थपणे पाहतो, असा दावा करणार नाही. परंतु ज्याच्या हितासाठी म्हणून कायदे होतात, त्याचेही म्हणणे कधी तरी ऐकून घ्यावे.

जे निर्विवाद आहे ते आधी मान्य करतो. 2001 साली मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाला मनाई केली. पुढे संसदेने 2003 मध्ये कायदा केला आणि 2 ऑक्टोबर 2008 पासून नव्या नियमांनिशी ही बंदी देशभर लागू झाली. मोडणाऱ्यास 200 रुपयांपर्यंत दंड. जो ओढत नाही त्याने दुसऱ्याचा धूर का सोसावा, या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नाही. माझा श्वास माझा, तसा बाकावर शेजारी बसलेल्या लेकुरवाळीचा श्वास तिचा.

मात्र त्याच कायद्याने विमानतळांना, तीस खोल्यांच्या हॉटेलांना आणि तीस माणसे बसतील अशा उपाहारगृहांना धूम्रपानासाठी वेगळी जागा राखण्याची मुभा दिली आहे. आमच्या जिल्ह्यात विमानतळ नाही, एस.टी. स्थानके आहेत. श्रीमंताच्या व्यसनाला खोली आणि गरिबाच्या व्यसनाला पावती, असा अर्थ कोणी काढला तर त्याला दोष कसा द्यावा?

सप्टेंबर 2020 मध्ये महाराष्ट्र शासनाने सुट्या सिगारेट-विडीच्या विक्रीवर बंदी घातली. हेतू रास्त होता. पाकिटाचा 85 टक्के भाग व्यापणारे इशाऱ्याचे चित्र सुटी विडी घेणाऱ्याला दिसतच नाही. पण वसमतकडे हळद शिजवण्याच्या कामावर राबणारा, दोन विड्यांवर दिवस काढणारा मजूर अख्खे बंडल खिशात आल्यावर कमी ओढेल की जास्त, याचा विचार कोणी केला असावा असे वाटत नाही. शिवाय 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ 3.8 टक्के, तर धूरविरहित तंबाखू खाणारे 24.4 टक्के. धूर दिसतो, चुना लावून मळलेली तंबाखू दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

माझ्या मते खरा प्रश्न बंदीचा नसून उपदेश करण्याच्या अधिकाराचा आहे. आपल्या आयुर्विमा महामंडळाकडे देशातील सर्वांत मोठ्या सिगारेट कंपनीचे पंधरा टक्क्यांहून अधिक भाग आहेत. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी परिषदेने सिगारेटवर 40 टक्के कर ठरवला, पण विडीवरचा 28 वरून 18 टक्क्यांवर आणण्याचा निर्णय घेतला. याला मी सरसकट ढोंग म्हणणार नाही. सोलापुरात हजारो स्त्रियांची चूल विड्या वळून पेटते. त्यांची भाकर आणि माझी फुप्फुसे एकाच तराजूत तोलणे सोपे नाही. विम्याच्या भांडवलाला मात्र असली कोणतीही अडचण नाही.

ख्रिस्तसभेचा इतिहासही या बाबतीत सरळ नाही. 1642 साली पोप आठवे अर्बन यांनी सेव्हिल धर्मप्रांतातील चर्चमध्ये तंबाखू सेवन करणाऱ्यांना बहिष्काराची धमकी दिली, तर 1863 साली पोप नववे पायस यांनी रोममध्ये तंबाखूचा कारखानाच उभारला! पोप फ्रान्सिस यांनी मात्र 2018 पासून व्हॅटिकनमधील सिगारेट-विक्री बंद केली आणि त्या उत्पन्नावर पाणी सोडले. अशा माणसाचा उपदेश मी ऐकून घेईन, कारण आधी त्याने स्वतःचे काही सोडले आहे.

तरीही, सल्ला देणाऱ्याचे हात मळलेले आहेत म्हणून सल्ला खोटा ठरत नाही. आणि ‘धूम्रपान हे माझे स्वातंत्र्य’ या आम्हा मंडळींच्या आवडत्या वाक्यात फारसा दम नाही. पहाटे पाण्याच्या तांब्याआधी काडीपेटी चाचपणाऱ्या हाताला स्वतंत्र कसे म्हणावे? विडी मागणारा मी आणि ती नको म्हणणारा मी, असे दोघे एकाच देहात नांदतात. शासनाने दुसऱ्याची बाजू घेतली तर पहिल्याने अन्यायाची ओरड करण्यात अर्थ नाही. पण बाजू घ्यायची तर ती नीट घ्यावी. दंडाने त्या दुसऱ्याच्या पदरात काही पडत नाही. त्याला हवा असतो सोबती. व्यसन सोडू पाहणाऱ्यांना दूरध्वनीवरून सल्ला देणारी सरकारी सेवा 2016 पासून आहे आणि तिचा क्रमांक 2018 पासून पाकिटांवर छापला जातो. सुटी विडी घेणाऱ्याच्या हाती पाकीट येत नाही. दंडाची पावती तरी येते. तिच्या मागची कोरी बाजू शासनाने या क्रमांकासाठी वापरावी.