"सगळं नश्वर आहे" हे कोणी, कोणाला आणि कधी म्हणायचं?



आजच्या चिंतनाला गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला चौदावा श्लोक. अर्थ आपल्या सगळ्यांना माहीत आहे: इंद्रियांचा विषयांशी संबंध आला की थंडी-ऊन, सुख-दुःख वाट्याला येतं, ते येतं आणि जातं, टिकत नाही, अर्जुना, तू ते सहन कर. वाचायला दहा सेकंद लागतात. मला मात्र यावेळी त्यावर बरेच दिवस अडकायला झालं, आणि त्याचं कारण जपानमधलं क्योतो शहर.

एप्रिलच्या सुरुवातीला ग्रुप टूरने गेलो होतो. आम्ही तीसेक मराठी माणसं, पुढे झेंडा घेतलेले टूर मॅनेजर, बॅगेत भाकरवडी आणि मेतकूट. क्योतोमध्ये एक वाट आहे, तेत्सुगाकु-नो-मिची. म्हणजे तत्त्वज्ञानाची वाट! क्योतो विद्यापीठातले तत्त्वज्ञ निशिदा कितारो इथून विचार करत फिरायचे, म्हणून हे नाव. साधारण दोन किलोमीटर, बाजूला छोटा कालवा आणि दोन्ही काठांवर चेरीची झाडं. आम्हाला तिथे मिळाली चाळीस मिनिटं. (तत्त्वज्ञानाला चाळीस मिनिटं, शॉपिंगला दोन तास. असो.)

आम्ही पोचलो तेव्हा फुलं गळायला लागली होती. वारा आला की पाकळ्यांचा नुसता पाऊस. जपानी लोक त्याला फुलांचं वादळ म्हणतात, आणि पाण्यावर पडून एकत्र वाहत जाणाऱ्या पाकळ्यांना फुलांचा तराफा. गळण्यासाठीसुद्धा इतके प्रेमळ शब्द! तिथे सगळ्यात जास्त दिसणारी जात सोमेइ योशिनो. ती बीपासून वाढवत नाहीत, कलमं करतात, त्यामुळे ही झाडं एकमेकांची हुबेहूब प्रत असतात. म्हणून एका भागातली सगळी एकदमच फुलतात आणि एकदमच गळतात. पूर्ण बहर आठवडाभर टिकला तरी खूप. या आठवड्याची नोंद क्योतोतली माणसं किती काळ ठेवत आली आहेत माहितीये? दरबारी लोकांच्या जुन्या रोजनिशांमधून संशोधकांनी काढलेल्या तारखा इ. स. 812 पर्यंत मागे जातात. 2021 मध्ये पूर्ण बहर 26 मार्चलाच आला, तोपर्यंतच्या नोंदींमधला तो सगळ्यात लवकरचा होता. जे आठवड्यात जाणार, त्याची हिशेबवही बाराशे वर्षांची.

आमच्या ग्रुपमध्ये एक काकू एकट्याच होत्या. बुकिंग दोघांचं केलेलं; काका डिसेंबरमध्ये गेले. मुलीने आग्रह करून त्यांना पाठवलं. कालव्यावरच्या एका छोट्या पुलावर त्या उभ्या राहिल्या आणि रडायला लागल्या. ग्रुपमधलेच एक काका जवळ गेले, अगदी मनापासून म्हणाले, "अहो, सगळं नश्वर आहे. ही फुलंच बघा ना."

काकूंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "नश्वर आहे म्हणूनच रडतेय ना. टिकणारं असतं तर कशाला रडले असते?"

मंडळी, याला उत्तर काय आहे सांगा. अनित्य आहे, म्हणून मन काढून घ्यायचं, की अनित्य आहे म्हणूनच जास्त जीव लावायचा?

जपानमध्ये अठराव्या शतकात मोतोओरी नोरिनागा नावाचे विद्वान होऊन गेले. 'मोनो नो अवारे' या कल्पनेची मांडणी त्यांची. सोप्या शब्दांत सांगायचं तर, गोष्टींमधलं हळवेपण ओळखणं. जिथे हृदय हलायला हवं तिथे ते हलणं हा कमकुवतपणा नाही, ती समज आहे. ऐकायला किती छान! पण याच फुलाची दुसरी गोष्टही आहे, ती टाळून चालणार नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानी तरुणांना सांगितलं गेलं, की चेरीच्या फुलासारखं ऐन बहरात गळून पडा. ज्यात एक माणूस बसून शत्रूच्या जहाजावर आदळायचा, अशा रॉकेट विमानाचं नावच होतं 'ओका', म्हणजे चेरीचं फूल. परतीची सोय नव्हती. वीस-बावीस वर्षांची मुलं त्यात गेली. आयुष्य क्षणभंगुर आहे, हे वाक्य तेव्हाही खरंच होतं. पण ते कोण कोणाला सांगत होतं?

इथे तुमच्यातला कोणीतरी म्हणेल, गीतासुद्धा रणांगणावरच सांगितली ना? बरोबर आहे, आणि हा प्रश्न टाळू नये. मला दिसणारा फरक असा. अर्जुन प्रश्नावर प्रश्न विचारतो, शंका काढतो, आणि भगवंत कंटाळत नाहीत. अठराव्या अध्यायात, त्रेसष्टाव्या श्लोकात, ते म्हणतात की यावर पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. ओकामध्ये बसवलेल्या मुलाला असं कोणी म्हणालं असेल, असं मला वाटत नाही.

आणि चौदाव्या श्लोकातला शब्द बघा: सहन कर. दुखतच नसेल तर सहन काय करणार? दुःख खोटं आहे, असं भगवंत म्हणतच नाहीत. आपण मात्र 'सगळी माया' म्हणून मोकळे होतो. बऱ्याचदा समोरच्याला धीर द्यायचा नसतो, त्याचं रडणं आपल्याला बघवत नसतं, इतकंच. स्वतःशी म्हटलं तर ते चिंतन. दुसऱ्याच्या ताज्या जखमेवर म्हटलं तर "आता पुरे करा" असा त्याचा अर्थ होतो.

संध्याकाळी मारुयामा पार्कमध्ये गेलो. तिथे मधोमध झुकलेल्या फांद्यांची एक प्रचंड चेरी आहे. गाइडने सांगितलं, मूळचं झाड 1947 मध्ये वाळलं. पण चेरी सांभाळणाऱ्या एका माळी घराण्याने जुनं झाड जिवंत असतानाच त्याचं बी घेऊन रोपं वाढवली होती. त्यातलं एक 1949 मध्ये इथे लावलं, ते हे. चेरी सांभाळणाऱ्यांना तिथे 'साकुरामोरी' म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या हेच काम, आठवडाभराच्या फुलांसाठी वर्षभर राबणं.

काकूंनी विचारलं, "म्हणजे हे त्या झाडाचं मूलच?"

गाइड म्हणाला, हो.

त्या काही बोलल्या नाहीत. पर्समधून फोन काढला आणि मुलीला व्हिडिओ कॉल लावला. पुण्यात तेव्हा दुपारचे अडीच वाजले असतील.